मेनूत बदक, ताटात गहू: चिनी शाकाहारी हॉटेलातलं 'मांस' नेमकं असतं काय?

शाकाहारी चिनी हॉटेलात पहिल्यांदा गेलेला माणूस मेनू उघडून गोंधळतो. भाजलेलं बदक, आंबट-गोड मासा, मिरचीतली कोंबडी, आल्याच्या रसातला खेकडा अशी यादी समोर असते आणि दारावर तर ठळक अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी' लिहिलेलं असतं. वेटरला विचारलं तर तो शांतपणे सांगतो की सगळं शाकाहारीच आहे. पदार्थ येतो, तर बदकाला खरपूस कातडीसुद्धा असते. शाकाहारी माणूस पहिला घास घ्यायला कचरतो, मांसाहारी माणूस तो चिवडून पाहतो आणि दोघांचाही प्रश्न एकच असतो: हे आहे तरी काय?

वनस्पतींपासून केलेल्या मांसासारख्या पदार्थांना 'मॉक मीट' म्हणतात. गेल्या काही वर्षांत परदेशी कंपन्यांच्या बर्गरमुळे या पदार्थांची बातम्यांतून खूप चर्चा झाली आणि त्यातून असा समज झाला की हा प्रयोगशाळेतून आलेला नवा शोध आहे. चीनमध्ये मात्र हे स्वयंपाकघरातलं काम आहे आणि त्याचं वय हजार वर्षांहून जास्त आहे. ते ज्या कारणासाठी सुरू झालं ते लक्षात घेतलं, की मेनूतलं बदक बुचकळ्यात टाकत नाही.

सुरुवात भिक्षूंपासून, पण भिक्षूंसाठी नाही

भारतातले सुरुवातीचे बौद्ध भिक्षू भिक्षा मागून जेवत. झोळीत पडेल ते खायचं, अशी रीत होती. मांस पडलं तर तेही चाले, मात्र तो प्राणी आपल्यासाठी मारलेला आपण पाहिलेला, ऐकलेला किंवा तशी शंका आलेली नसावी, एवढी अट होती. चीनमध्ये परिस्थिती बदलली. तिथल्या मठांकडे जमिनी आल्या, स्वतःची स्वयंपाकघरं आली. काय शिजवायचं हे मठच ठरवू लागला, तेव्हा 'झोळीत पडलं म्हणून खाल्लं' ही सबब उरली नाही.

निर्णायक पाऊल उचललं ते लिआंग राजवंशाच्या सम्राट वू याने. त्याची कारकीर्द इ. स. 502 ते 549 अशी होती आणि राजधानी आजच्या नानजिंगच्या जागी होती. कट्टर बौद्ध असलेल्या या सम्राटाने भिक्षू-भिक्षुणींना मद्य-मांस सोडायला लावलं. चिनी बौद्ध भिक्षू आजही शाकाहारी असतात, त्याची मुळं बरीचशी इथे आहेत. पण आपल्या विषयासाठी त्याचा दुसरा हुकूम जास्त महत्त्वाचा आहे. 517 साली त्याने राजघराण्याच्या पूर्वजांना दाखवायचे पशुबळी बंद केले आणि त्यांच्या जागी कणकेचे प्राणी ठेवायला सांगितलं. दरबारात कुजबुज झाली, पूर्वजांचा हक्काचा नैवेद्य तोडला म्हणून टीकाही झाली. हुकूम मात्र टिकला. विधी तसाच राहील, पानावरचा आकार तसाच राहील, फक्त जीव जाणार नाही, ही कल्पना इथे स्पष्ट दिसते.

पुढचा दाखला नवव्या शतकातला, तांग काळातला. त्स्वेई आनच्येन नावाचा बौद्ध वृत्तीचा बडा अधिकारी सिचुआनचा कारभार पाहत होता. तो स्वतः बहुधा भाजीपाल्यावरच राही. हाताखालच्या अधिकाऱ्यांना मेजवानी द्यायची वेळ आली, की त्याचे स्वयंपाकी पीठ आणि कोंजॅक नावाचा कंद रंगवून त्यांतून डुकराचा खांदा, मेंढीची तंगडी, भाजलेलं मांस असं सगळं हुबेहूब करत. अशी नोंद दहाव्या शतकात लिहून ठेवलेली आहे.

या नोंदीपाशी मी वाचकांना थोडं थांबायला सांगेन. त्स्वेईला स्वतःला मांसाची आठवण येत होती म्हणून हे पदार्थ झाले नाहीत. यजमान शाकाहारी, पाहुणे मांसाहारी आणि मेजवानी तर मेजवानीसारखीच दिसायला हवी, या पेचातून ते आले. मॉक मीटची ही परंपरा मुळात यजमानाची आहे. आपलं तत्त्व न मोडता पाहुण्याचा मान राखायचा, ही तिची गरज होती. माझ्या मते सगळा विषय समजून घ्यायची किल्ली हीच आहे.

सोंग काळात शहरं वाढली तशी ही कला हॉटेलांत उतरली. तेराव्या शतकातल्या हांगचौ शहराच्या वर्णनात शाकाहारी पदार्थांची यादी मिळते आणि त्यात भाजलेल्या बदकाची नक्कलही आहे. आज मेनूत दिसणारं बदक त्या यादीचंच वंशज आहे.

गव्हातून 'मांस' कसं निघतं?

आता स्वयंपाकघरात जाऊ. या पाककलेचा पहिला आधार म्हणजे ग्लूटेन, गव्हातलं चिवट प्रथिन. ग्लूटेन-फ्री पाकिटांमुळे हा शब्द आता सगळ्यांच्या कानांवर आहे. इथे मात्र ते टाळायचं नसतं, तेच मिळवायचं असतं.

गव्हाचं पीठ घट्ट मळून थोडा वेळ ठेवतात. मग तो गोळा पाण्याच्या भांड्यात बुडवून दाबत, चोळत राहतात. पाणी लगेच दुधासारखं पांढरं होतं. तो पिठातला स्टार्च. पाणी बदलायचं, पुन्हा चोळायचं. मधे एक वेळ अशी येते की गोळा हातात विरघळून चालला आहे, त्याचे तुकडे पडताहेत, असं वाटून नवशिका घाबरतो. तरीही चोळत राहिलं तर तुकडे पुन्हा एकमेकांना धरतात आणि पाणी हळूहळू स्वच्छ होतं. हातात उरतो तो करड्या-पिवळसर रंगाचा, ताणला की परत आखडणारा रबरी गोळा. हेच ग्लूटेन.

असं का होतं? गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी लागून मळलं, की ती एकमेकांत गुंतून जाळं विणतात. ग्लायडिनमुळे जाळं ताणलं जातं, ग्लुटेनिनमुळे ते मागे खेचलं जातं. पाण्यात विरघळत नसल्याने स्टार्च वाहून गेला तरी जाळं राहतं. मांस म्हणजेही प्रथिनांच्या तंतूंच्या जुड्याच असतात. दाताला जो प्रतिकार जाणवतो तो या गुंत्यामुळे, म्हणून ग्लूटेन चावताना मांसाची आठवण होते.

चीनमध्ये ही माहिती इतकी सर्वपरिचित होती की अकराव्या शतकातला विद्वान शेन क्वो याने पोलाद समजावून सांगायला तिचा आधार घेतला. पीठ धुतलं की ग्लूटेन दिसतं, तसं लोखंड तापवून ठोकत राहिलं की आतलं पोलाद उरतं, असं त्याने लिहून ठेवलंय. युरोपात इटलीतल्या बोलोन्याच्या बेकारी या शास्त्रज्ञाने पिठातून ग्लूटेन वेगळं केल्याचा वृत्तांत छापला गेला तो 1745 साली.

या एका गोळ्याचे चिनी आचारी अनेक अवतार करतात. छोट्या गोळ्या तेलात सोडल्या की फुगून पोकळ, सोनेरी होतात; त्यासाठी वूशी शहर प्रसिद्ध आहे. गोळा आंबवून वाफवला की आत बारीक बारीक छिद्रं पडतात. शांघायमध्ये त्याचे तुकडे सोया सॉस, साखर, मशरूम घालून शिजवतात आणि थंड खातात. प्रत्येक छिद्रात रस्सा भरलेला असतो, त्यामुळे घास चावला की तो तोंडभर सुटतो. गोळा ताणून, पीळ देऊन उकडला की हाताने रेषेत फाडता येतो आणि मेनूतली 'कोंबडी' तयार होते. धुण्याचं पाणीही वाया जात नाही. तळाशी बसलेला स्टार्च वाळवून त्याची पारदर्शक पारी करतात, डम्पलिंगसाठी.

सोयाबीनच्या दुधावरची साय

दुसरा आधार सोयाबीनचा. टोफू बहुतेकांना माहीत असतो, पण मॉक मीटमध्ये त्याहून मोठं काम करते ती टोफूची पातळ कातडी.

दूध मंद आचेवर ठेवलं की साय धरते, तसंच सोयाबीनच्या दुधाचंही होतं. पसरट, उथळ भांड्यात ते उकळू न देता तापत ठेवतात. पृष्ठभागावरचं पाणी उडून जातं आणि प्रथिनं व स्निग्धांश मिळून पातळ पापुद्रा तयार होतो. काठीने तो अलगद उचलून दोरीवर वाळत घालतात. थोड्या वेळाने दुसरा पापुद्रा, मग तिसरा.

बदक किंवा हंस करायचा तर हे पापुद्रे सोया सॉस, साखर, तिळाचं तेल आणि मशरूम भिजवलेलं पाणी यांच्या मिश्रणात बुडवून एकावर एक रचतात, घडी घालतात, कधी आत मशरूम आणि बांबूचे कोंब भरतात. मग वाफवून, वरून तळून काढतात. सुरी चालवली की आत थरावर थर दिसतात आणि बाहेरचा पापुद्रा कुरकुरीत होऊन फुगलेला असतो. पक्ष्याच्या भाजलेल्या कातडीचा भास होतो तो या पापुद्र्यामुळे. हेच पापुद्रे घट्ट गुंडाळून, कापडात करकचून बांधून वाफवले की थंड झाल्यावर चकत्या पडतात. त्याला 'हॅम' म्हणतात.

कंद, मशरूम आणि एक अस्सल खेकडा

त्स्वेईच्या मेजवानीतला कोंजॅक आजही कामात आहे. हा सुरणाच्या कुळातला कंद. त्याच्या पिठातला तंतुमय पदार्थ भरपूर पाणी धरून ठेवतो आणि चुन्याच्या निवळीसारखं अल्कधर्मी द्रावण घालून तापवला की त्याची घट्ट जेली बनते. ही जेली पुन्हा शिजवली तरी वितळत नाही, म्हणून ती कढईत टाकता येते. कोळंबी आणि स्क्विड बहुतेक वेळा याचेच असतात. स्क्विडसाठी तर वरून तिरक्या उभ्या-आडव्या चिराही देतात, खऱ्या स्क्विडला देतात तशाच.

मशरूममध्ये शांघायच्या आचाऱ्यांचा 'ईल' मासा बघण्यासारखा असतो. भिजवलेला शिताके मशरूम हातात धरून कात्रीने कडेकडेने गोल गोल कापत आत जातात, की एकाच मशरूमची लांबलचक पट्टी निघते. स्टार्चमध्ये घोळवून ती कडक तळतात आणि काळसर, चकचकीत, आंबट-गोड रसात परततात. हिच्यात ना ग्लूटेन, ना कारखान्यातला कुठला माल. आहे ती फक्त कात्री आणि हातोटी.

माझ्या मते या सगळ्या परंपरेतला मानाचा पदार्थ खेकडा आहे. उकडलेलं गाजर आणि बटाटा कुस्करतात, त्यात मशरूम आणि बांबूच्या कोंबांचे बारीक धागे घालतात आणि तेल केशरी होईपर्यंत परततात. इथवर त्यात खेकड्याचं काहीच नसतं. शेवटी भरपूर बारीक चिरलेलं आलं, चिमूट साखर आणि काळा व्हिनेगर पडतो, आणि वाससुद्धा पालटतो. याचं कारण पदार्थात कमी आणि खाणाऱ्याच्या आठवणीत जास्त आहे. शांघायकडे खरा खेकडा आलं आणि व्हिनेगरबरोबरच खातात. त्या माणसाच्या नाकाने आलं-व्हिनेगर आणि खेकडा यांची गाठ केव्हाच मारून ठेवलेली असते. गाजर-बटाट्याचा मऊ, किंचित रवाळ लगदा ती गाठ पक्की करतो. ज्याने तो खेकडा कधी खाल्लेला नाही त्याला हा पदार्थ छान, आंबटगोड गाजर-बटाटा लागेल. त्यात त्याची काहीच चूक नाही.

मग चव येते कुठून?

ग्लूटेन, टोफूचे पापुद्रे आणि कोंजॅक यांना स्वतःची चव फारशी नसते. मांसाला जी भरीव, तोंडात रेंगाळणारी चव असते तिला उमामी म्हणतात. ती मुख्यतः ग्लुटामेट या घटकामुळे येते. सोया सॉसमध्ये तो भरपूर असतो. सुकवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट नावाचा घटक असतो आणि दोन्ही एकत्र आले की उमामी कैक पटींनी वाढते. मोड आलेल्या सोयाबीनचं आणि सुक्या मशरूमचं पाणी आटवून केलेला स्टॉक हा या स्वयंपाकघरांचा पाया असतो, तो यासाठी.

ग्लुटामेटचा आणि गव्हाचा संबंध आणखी जवळचा आहे. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळातून ही चव ओळखली, पण तिची पूड कारखान्यात बनू लागली ती गव्हाच्या ग्लूटेनपासून. शांघायमध्ये 1922 साली गोंगदलिन हे प्रसिद्ध शाकाहारी हॉटेल सुरू झालं, तेच आज मॉक मीटचं माहेरघर मानलं जातं. पुढच्याच वर्षी, 1923 मध्ये, त्याच शहरात वू युनचू या उद्योजकाने ग्लूटेनपासून ही पूड बनवणारा कारखाना काढला. मांसाविना मांसाची गोडी आणणारी पूड शाकाहारी स्वयंपाकाला सोयीची होती, हे वेगळं सांगायला नको. आज ती बहुतांशी उसाची मळी, मका अशा कच्च्या मालापासून आंबवून करतात.

एक अडचण मात्र कडक बौद्ध स्वयंपाकात कायम राहते. तिथे लसूण, कांदा, पातीचा कांदा आणि त्यांच्या कुळातल्या इतर तिखट वासाच्या भाज्याही वर्ज्य असतात. मन चाळवतात अशी समजूत आहे. या यादीत आपल्या ओळखीचा हिंगसुद्धा आहे. राइस वाइनही चालत नाही. मग आलं, चक्रीफूल, सिचुआन मिरी आणि तो स्टॉक, एवढ्यावर सगळं भागवायचं असतं. या स्वयंपाकाबद्दल मला जो आदर वाटतो, त्याचं मोठं कारण हे आहे.

"मांस सोडलं, तर त्याचा आकार कशाला?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो रास्त आहे. मनातून मांस गेलंच नसेल तर ताटातून घालवून काय मिळवलं, असं विचारणारे बौद्ध परंपरेतही आहेत. श्यामेन शहरातल्या नानपुतुओ मठाचं शाकाहारी जेवण प्रख्यात आहे, पण तिथल्या पदार्थांना मांसाची नावं देत नाहीत. ग्लूटेन आणि मशरूमच्या एका सूपचं नाव आहे 'नदीत बुडालेला अर्धचंद्र'. वाडग्यातल्या मशरूमवरून कवी क्वो मोरुओ यांनी ते 1962 मध्ये ठेवलं.

पण आक्षेप घेणारा गृहीत धरतो की खाणारा माणूस मांस सोडलेला आहे. चीनमध्ये या हॉटेलांत बसलेले कितीतरी लोक एरवी मांस खातात. कुणी चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार पाळतो, कुणी नवस म्हणून, कुणी घरातल्या मृत्यूनंतर काही दिवस. कुणी आपल्या शाकाहारी आईला घेऊन आलेला असतो. चिनी मेजवानी सामायिक असते. मधे पदार्थ ठेवतात आणि सगळे त्यांतूनच घेतात. त्या जेवणाला ठरलेली रचना असते. नव्या वर्षाच्या जेवणात मासा हवाच, कारण तो समृद्धीचा शकुन मानतात. आकार ठेवला की ही रचना टिकते आणि कुणालाही वेगळं ताट मांडावं लागत नाही. ज्याला आकाराचाच त्रास होतो त्याने तो पदार्थ जरूर टाळावा. पण आकार दिसला म्हणजे खाणाऱ्याचं मन मांसात अडकलंय, असा निष्कर्ष निघत नाही.

"ही ग्राहकाची फसवणूक नाही का?"

युरोपात हा वाद थेट संसदेत गेला. वनस्पतिजन्य पदार्थांना 'बर्गर', 'सॉसेज' म्हणू देऊ नये, असा प्रस्ताव युरोपियन संसदेने 2020 मध्ये फेटाळला, तरी विषय पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. चिनी मेनूत 'शाकाहारी' अर्थाचं 'सू' हे अक्षर पदार्थाच्या नावाच्या सुरुवातीलाच जोडतात, किंवा हॉटेलच्या पाटीवरच असतं. लपवाछपवी नसते, उलट हुबेहूबपणा हीच जाहिरात असते. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा शाकाहारी म्हणून विकलेल्या पदार्थात प्राणिजन्य घटक निघतात.

"हे खरंच शाकाहारी असतं का?"

तपासून घ्यावं. कारखान्यात बनलेल्या गोठवलेल्या मॉक मीटमध्ये तुकडे बांधून ठेवायला अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधातली प्रथिनं वापरलेली असू शकतात. या मालाचं तैवान हे मोठं केंद्र आहे. तिथे यीग्वानदाओ या पंथाचे अनुयायी शाकाहारी हॉटेलं चालवण्यात आघाडीवर असतात. 1987 पर्यंत या पंथावर सरकारी बंदी होती. तैवानच्या शाकाहारी पाकिटांवर पाच प्रकार लिहिलेले असतात: पूर्ण शाकाहारी, अंडं असलेला, दूध असलेला, दोन्ही असलेला, आणि वनस्पतिजन्य पण कांदा-लसूण वर्गातलं काही असलेला. म्हणजे 'शाकाहारी' एवढंच विचारून पुरत नाही. अंडं चालत नसेल तर 'अंडं आहे का' असं थेट विचारावं. बिनशाकाहारी चिनी हॉटेलातला टोफू मागवत असाल तर आणखी जपून: कालवांचा ऑयस्टर सॉस, मांसाचा स्टॉक आणि खिमा तिथे सहज पडतो.

"तब्येतीला कसं?"

सरसकट उत्तर नाही, कारण हे एक अन्न नसून चार वेगळी अन्नं आहेत. ग्लूटेनमध्ये प्रथिनं भरपूर, पण लायसिन हे अमिनो आम्ल कमी. सोयाबीन ती उणीव भरून काढतं. कोंजॅकमध्ये प्रथिन जवळजवळ नाहीच, तेव्हा कोळंबीच्या आकाराला भुलून प्रथिन मिळालं असं समजू नये. बी-12 यांतल्या कशातही मुळात नसतं. तळण आणि सोया सॉस यांमुळे तेल-मीठ चढं असतं. सिलिॲक आजार (ज्यात ग्लूटेन सोसत नाही) असलेल्यांनी मात्र या हॉटेलात फार सावध राहावं. ग्लूटेन इथे नावानिशी तर असतंच, शिवाय बहुतेक सोया सॉसही गहू घालूनच बनतात. सोयाची ॲलर्जी असेल तर मेनूतलं थोडंच उरतं.

मागवायचं कसं?

सगळं 'मांस'च मागवलं तर जेवण जड आणि एकसुरी होतं. ग्लूटेनचा एक पदार्थ, टोफूच्या पापुद्र्यांचा एक, मशरूमचा एक, आणि त्यांच्या जोडीला साधी परतलेली हिरवी पालेभाजी व भात, एवढं चार जणांना पुष्कळ होतं. वेटरला विचारा की इथे काय हाताने बनवता आणि काय गोठवलेलं येतं. चांगल्या हॉटेलात हे सांगायला कुणी मागेपुढे पाहत नाही. हाताने केलेलं आधी मागवा. आणि ताटातला तुकडा खऱ्या बदकाच्या किती जवळ गेला हे मोजत बसण्यापेक्षा थर नीट सुटताहेत का, रस्सा आतवर मुरलाय का, कड कुरकुरीत आहे का, ते पाहा. आचाऱ्याने राबायचं ते तिथेच.